बाज विणली की महिन्यात झोळ? दोराला शिव्या देण्याआधी हे तपासा

“भाऊ, तुमचा दोर झोल खाते.”

मार्च लागला की हे वाक्य माझ्या दुकानात आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. आर्वी-पुलगाव रस्त्यावरच्या एका गावात माझं दोर, ताडपत्री आणि पाइपाचं दुकान आहे. उकाडा सुरू झाला की आमच्याकडं बाजा अंगणात निघतात आणि ज्यांचा दोर गेला त्या नव्यानं विणल्या जातात. विणल्यावर चार दिवस बाज अशी ताठ असते की वर टाकलेलं नाणं उडतं. मग मधोमध खड्डा पडायला लागतो आणि महिन्याभरात निजलेल्या माणसाचं बूड जमिनीपासून वीतभरावर येतं. पायथ्याकडची दोरी ओढून घेतली की आठ दिवस बरे जातात, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी माणूस चिडून इतकं ओढतो की एक तर दोरी तुटते, नाही तर दांडी वाकते. मग तो दुकानात येतो आणि डुप्लिकेट माल विकल्याचं पाप माझ्या माथी मारतो.

माल कधी कधी खरंच वाईट असतो, नाही म्हणत नाही. पण बहुतेक वेळा दोर चांगला असतो आणि आपल्या जातीप्रमाणं वागत असतो. आपण मात्र त्याला आजोबांच्या वेळचा अंबाडीचा दोर समजून विणलेलं असतं. सगळा घोळ तिथला आहे.

आधी चोर कोण ते ठरवा

झोळ दिसला की हात लगेच दोराकडं जातो. जरा थांबा. चौकट, गाठ, वीण आणि दोर, या चौघांपैकी कोणीही चोर असू शकतो, आणि तिघांचा इलाज दोर बदलून होत नाही.

चौकटीसाठी एक सुतळी घ्या. उशाकडच्या डाव्या पायापासून पायथ्याच्या उजव्या पायापर्यंत मोजा, मग दुसरा तिरपा मोजा. दोन्ही सारखे आले पाहिजेत. नाही आले तर बाज तिरपली आहे. लाकडी बाजेत हे उन्हाळ्यात हमखास होतं, कारण लाकूड आटतं आणि पायाच्या भोकात बसलेली दांडी हलायला लागते. पाचर ठोकली की काम झालं. लोखंडी पाइपाच्या बाजेला डोळा लावून पाहा, लांब दांड्या मधे आत ओढल्या गेल्या असतील तर तुम्ही मागं कधीतरी जास्त ताणलंय.

गाठीचं सोपं आहे. गाठीवरून आडवी मार्करची रेघ ओढून ठेवा. आठ दिवसांनी रेघ तुटलेली दिसली तर गाठ सरकतेय. प्लास्टिकचा दोर गुळगुळीत, त्याला सुतळीची गाठ पुरत नाही, टोकाला आणखी एक वेढा लागतो.

वीण पहिल्या आठवड्यात बसतेच. आडवे-उभे पेड एकमेकांत रुततात, थोडी ढिलाई येते. तिच्यावर एकदा ओढून घेणं हाच इलाज, त्यात दोराचा काही दोष नाही.

आता दोर. बाजेवर कोणी नसताना मधल्या एका पेडावर बरोबर ५० सेंटीमीटर अंतरावर दोन ठिपके द्या. कडेच्या पेडावर तसेच दोन द्या. शिंप्याचा टेप वापरा, लाकडी पट्टी दोन वेळा ठेवून मोजू नका. तारीख दांडीवर लिहा. महिन्यानं बाज रिकामी असताना पुन्हा मोजा. मधल्या ५० चे साडेपन्नास झाले असतील आणि कडेचे ५० च असतील, तर दोर खरोखर वाढलाय आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. ठिपके जागेवर असतील तर गाठ आणि चौकट पुन्हा तपासा.

माझ्या घरच्या बाजेवर असे निळे ठिपके आहेत. पाहुण्यांनी विचारलं की माय सांगते, “पोरगा दोराचा ताप मोजते.”

अर्ध्या सेंटीमीटरची करामत

गिऱ्हाइकाला सांगितलं की दोर फक्त अर्धा सेंटीमीटर वाढलाय, तर त्याला ती थट्टा वाटते. एवढा मोठा खड्डा अर्ध्या सेंटीमीटरनं कसा पडेल?

शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा. बाजेची रुंदी ९० सेंटीमीटर धरू. मधोमध ५ सेंटीमीटर झोळ पडला तर प्रत्येक बाजूला ४५ आणि ५ असा त्रिकोण होतो. तिरपी बाजू ४५.२८ येते. दोन्ही मिळून ९०.५५. म्हणजे ९० सेंटीमीटरचा दोर जेमतेम अर्धा सेंटीमीटर वाढला, शेकडा ०.६, आणि झोळ पडला पाचाचा! दोर ९२.२ झाला की झोळ १० सेंटीमीटर. बाज हे दोराची बारीकशी वाढ मोठी करून दाखवणारं यंत्रच आहे. तोच दोर बैलाच्या कासऱ्याला लावला असता तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

हेच गणित उलट्या बाजूनं पाहा, कारण मुख्य चूक तिथं होते. एका पेडावर मधोमध ५ किलो भार आहे असं समजा. निजल्यावर झोळ १० सेंटीमीटर असेल तर त्या पेडात ताण येतो साधारण साडेअकरा किलोचा. तुम्ही हट्टानं ओढून झोळ २ सेंटीमीटरवर आणला तर तोच ५ किलोचा भार पेडात जवळपास ५६ किलोचा ताण आणतो. भार तोच, माणूस तोच, ताण पाचपट. म्हणून बाज फळीसारखी सपाट करायचा नाद सोडा. जितकं ओढाल तितका दोर लवकर वाढेल, नाही तर दांडी आत येईल. निजल्यावर चार-पाच बोटं खाली जाणारी बाज चांगली बाज.

दोराच्या पोटात काय चालतं

कुंपणाची तार ताणली तर ती वर्षभर जवळपास तशीच राहते. दोर का राहत नाही?

लोखंडात अणू ओळीनं बसलेले असतात, पेरलेल्या तासासारखे. अशा ओळी सरकतात तेव्हा अख्खी ओळ एकदम सरकत नाही. ओळीत कुठंतरी एक चूक असते, आणि ती चूक पुढं पुढं जाते. जड सतरंजी सरकवायची असेल तर आपण तिला एक सुरकुती पाडतो आणि सुरकुती ढकलत नेतो, तसंच. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी, एकमेकांपासून वेगवेगळं, हेच मांडलं. ही सुरकुती हलवायला लोखंडात बराच जोर लागतो. कुंपणाच्या ताणात ती हलत नाही, म्हणून तार गप्प राहते.

प्लास्टिकच्या दोरात मामला वेगळा. उन्हाळ्यात बाजेवर शेवया वाळत घालतात तो ढीग डोळ्यांपुढं आणा. एकेक शेवई म्हणजे कार्बनच्या हजारो अणूंची एक साखळी. कारखान्यात दोराचा धागा गरम असताना कित्येक पट ताणलेला असतो, त्यामुळं बऱ्याच साखळ्या एका दिशेला लागतात. काही ठिकाणी त्या शिस्तीत, घट्ट, शेजारी शेजारी बसतात. पण दोन शिस्तीच्या गठ्ठ्यांच्या मधे विस्कटलेला भाग उरतोच. एकच साखळी एका गठ्ठ्यातून निघून त्या गोंधळातून जाते आणि दुसऱ्या गठ्ठ्यात शिरते. तुमच्या बाजेचा झोळ मुख्यतः या गोंधळलेल्या भागात तयार होतो.

तिथं ओळ नाही, त्यामुळं सुरकुतीही नाही. मग सरकतं काय? बाजाराच्या दिवशीची एसटी आठवा. कंडक्टर ओरडतो, “मांगं सरका, मांगं सरका!” एकटा माणूस सरकूच शकत नाही. एकानं पिशवी उचलली, दुसरा तिरपा झाला, तिसऱ्यानं पाय काढला, तेव्हा कुठं पाच-सहा जणांचं ते टोळकं अर्धा फूट हलतं. मग दुसरीकडचं टोळकं. बस एकदम सरकत नाही, जिथं जरा मोकळीक आहे तिथं जागोजागी चुळबुळ होते. विस्कटलेल्या रचनेचा कोणताही पदार्थ ताणला की आत असंच होतं.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अली आर्गॉन यांनी हे १९७९ मध्ये साबणाच्या बुडबुड्यांवर पाहिलं होतं. लहान-मोठे बुडबुडे मिसळून पाण्यावर एक थर करायचा आणि तो थर सरकवायचा. थोडेसेच बुडबुडे एका ठिकाणी जागा बदलतात, बाकीचे शांत. घरी भांडी घासताना परातीतला फेस बोटानं हळूच ढकलून पाहा, जवळून पाहिलं तर तेच दिसतं. आर्गॉन यांना दोराशी काही घेणं नव्हतं. त्यांचा विषय होता काचेसारखी विस्कटलेली रचना असलेला धातू. असा धातू १९६० मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये सोनं आणि सिलिकॉन वितळवून, झटक्यात थंड करून पहिल्यांदा मिळाला होता. धातू असो, काच असो की प्लास्टिक, ओळ मोडली की टोळक्यांचा खेळ सुरू होतो.

यावर एक जण हमखास विचारतो: मग बांगडीची काचही विस्कटलेलीच, ती का झोळ खात नाही? चांगला प्रश्न आहे. बांगडीच्या काचेतली टोळकी मोकळी व्हायला साधारण ५५० अंश सेल्सिअसची उष्णता लागते. त्याखाली ती गोठलेली असतात, ताण आला तर सरकण्याऐवजी तडकतात. प्रत्येक विस्कटलेल्या पदार्थाचा असा एक उंबरठा असतो. पॉलिस्टरचा ७० ते ८० अंशांच्या आसपास, कोरड्या नायलॉनचा साधारण ५०, आणि पॉलिप्रोपिलिन, म्हणजे बाजारात सर्रास मिळणारा रंगीत चकचकीत दोर, त्याचा शून्याच्या आसपास किंवा खालीच. आमच्याकडं मे महिन्यात सावलीत ४५ अंश होतात, उन्हातला गडद दोर त्याहून तापतो. आता तुम्हीच ठरवा कोणता दोर आपल्या अंगणात ताठ राहील. पॉलिप्रोपिलिनमधली टोळकी हिवाळ्यातही मोकळीच असतात, उन्हाळ्यात तर विचारूच नका. पॉलिस्टरचा विस्कटलेला भाग आपल्या उन्हाळ्यातही गोठलेला राहतो. नायलॉन बरोबर उंबरठ्यावर उभा असतो.

दुधाच्या पिशवीचा प्रयोग

ज्यांना हे सगळं हवेतलं वाटतं त्यांना मी काउंटरवरच दाखवतो. दुधाच्या रिकाम्या पिशवीची दोन बोटं रुंद पट्टी कापायची. कड कात्रीनं साफ कापा, कडेला दात राहिले की तिथूनच फाटते. दोन्ही टोकं चिमटीत धरून सावकाश ओढायची. आधी ती रबरासारखी थोडी लांबते, सोडली तर परत येते. अजून ओढली की एका जागी अचानक कंबर पडते. तिथं पट्टी अरुंद आणि पातळ होते, बाकी पट्टी तशीच्या तशी. ओढत राहा, तुटत नाही. ती कंबर दोन्हीकडं पसरत जाते, जणू पट्टी स्वतःतूनच उलगडतेय. सगळी उलगडली की हाताला ती एकदम कडक लागते. आतल्या शेवया आता एका दिशेला लागल्या.

ती ताणलेली पट्टी उकळत्या पाण्यात टाका. आखडते. साखळ्यांना उष्णतेनं मोकळीक मिळाली की त्या पुन्हा विस्कटायला धावतात. दोर जळत्या चुलीजवळ टांगला की आखडून वाकडातिकडा होतो, त्याचं कारण हेच.

या खेळाचा दोराशी संबंध असा: कारखान्यानं ती कंबर आधीच पाडून, पूर्ण पसरवून दोर तुम्हाला दिलाय. म्हणून तो मजबूत आहे. बाजेवर तो जे वाढतो ते कंबर पडून नव्हे, टोळक्यांच्या चुळबुळीनं, हळूहळू.

पहिली दहा मिनिटं आणि पुढचा आठवडा

या हळूहळू वाढीचा एक स्वभाव आहे आणि सगळा इलाज त्याच्यावरच उभा आहे. मध्यम ताणात दोर पहिल्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत जितका वाढतो, साधारण तितकाच तो दहापासून शंभर मिनिटांपर्यंत वाढतो. तितकाच शंभरपासून हजार मिनिटांपर्यंत, म्हणजे रात्रभरात. आणि पुन्हा साधारण तितकाच हजारपासून दहा हजार मिनिटांपर्यंत, म्हणजे पुढच्या आठवडाभरात. गणित अगदी काटेकोर नसतं, आणि भार फार झाला की दोर हा हिशेब मोडून पळत सुटतो, पण चाल ही. सहज सरकणारी टोळकी आधी सरकून जातात, मग अडेलतट्टू उरतात.

म्हणजे वाढीचा मोठा वाटा पहिल्या दिवसातच होऊन जातो. तो बाजेवर होऊ द्यायचा की बाजेच्या आधी, एवढंच तुमच्या हातात आहे.

सगळी वाढ कायमची नसते, हेही लक्षात घ्या. एक भाग भार काढताच परत येतो, एक भाग सावकाश, तासा-तासानं, आणि एक भाग कधीच नाही. जुनी माणसं सकाळी बाज भिंतीला उभी करून ठेवायची. अंगण झाडायला सोपं म्हणून असेल, पण दोराला दिवसभर विसावा मिळायचा आणि सावकाश परत येणारा भाग परत यायचा. आता दिवसभर बाजेवर कापसाची गाठोडी नाही तर तुरीची पोती पडलेली असतात. तो झोळ मग कायमचाच होतो.

पाणी मारायची जुनी सवय

आमच्याच घरची गोष्ट. बाज ढिली पडली की माझी माय संध्याकाळी तिच्यावर तांब्याभर पाणी शिंपडायची. तिच्या माहेरी बाजा सुताच्या आणि अंबाडीच्या दोराच्या. सुताचा धागा पाणी प्यायला की जाड होतो. धागा जाड झाला की पिळाला जास्त वेढा लागतो आणि दोर लांबीत आखडतो. बाज टणक होते. वाळली की पुन्हा ढिली, पण रात्र निघून जायची.

मी पहिल्यांदा नायलॉननं बाज विणली तेव्हा मायनं तेच केलं. मोकळी असताना ती जरा आखडल्यासारखी वाटलीही, कारण नवा नायलॉन भिजला की आतला कारखान्यातला ताण सैल होऊन थोडा आखडतो. रात्री मात्र दोघं नातू झोपले आणि सकाळी बाजेची झोळी झालेली. “हे काहून झालं रे बाप्पा?” मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

उत्तर असं. नायलॉनच्या साखळ्या एकमेकींना धरून असतात, आणि पाण्याचा कण नेमका त्या दोघींच्या मधे शिरून हात सोडवतो. नायलॉन पूर्ण भिजला तर वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी पितो. तो ५० अंशांचा उंबरठा मग कितीतरी खाली येतो. गोठलेली टोळकी मोकळी होतात, आणि भार आला की दोर वाढतो. ताकदही घटते, साधारण दहा-पंधरा टक्के. म्हणून नायलॉनची बाज उन्हाळ्यात बरी चालते आणि मृगाच्या पावसानंतर रडते. पॉलिस्टर जवळपास पाणी पीतच नाही, पॉलिप्रोपिलिन मुळीच नाही. त्यांना पाणी मारून काहीच होत नाही, बरं नाही की वाईट नाही.

तर नायलॉनच्या बाजेला पाणी मारू नका. सुताच्या नवारीला मारा, खुशाल.

तुमचा दोर कोणता?

बाजारात सगळ्याच प्लास्टिक दोराला ‘नायलॉन’ म्हणतात. मीही म्हणतो, गिऱ्हाइकाला कळावं म्हणून. पण इलाजाआधी जात कळली पाहिजे.

बोटभर तुकडा घ्या, पेड उकला, साबणाच्या पाण्यात नीट चोळून त्यातली हवा काढा आणि बादलीत सोडा. हवा काढणं विसरलात तर सगळेच तरंगतील आणि तुम्ही फसाल. तरंगला तर पॉलिप्रोपिलिन किंवा पॉलिथिन, दोन्ही पाण्याहून हलके. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. बुडालेल्याचं टोक बाहेर मोकळ्यावर, चिमट्यात धरून जाळा. काळा, काजळीचा धूर निघाला तर पॉलिस्टर. धूर पांढुरका आणि कमी असेल तर नायलॉन. तरंगणारा दोर जळताना मेणबत्तीचा वास येतो. वितळलेला थेंब हातावर पडला तर कातडी घेऊन निघतो, पोरांना दूर ठेवा.

बाजेसाठी माझं मत विचाराल तर पॉलिस्टर पहिला. मालट्रकवर सामान आवळायला जे रुंद पट्टे वापरतात ते पॉलिस्टरचेच, कमी ताणतात म्हणूनच. एखाद्या ट्रकवाल्याकडून वापरून काढलेले पट्टे मिळाले तर घ्या, ट्रकच्या कामाला निकामी झालेला पट्टा बाजेला पुष्कळ होतो. नंतर नायलॉन. पॉलिप्रोपिलिन शेवटी, आणि पॉलिथिनचा दोर तर बाजेला नकोच. त्यात शिस्तीत बसलेले गठ्ठेसुद्धा साखळ्यांना नीट धरून ठेवत नाहीत, साखळ्या त्यांच्यातूनही निसटत राहतात. हे लिहून मी माझ्याच दुकानातल्या सगळ्यात खपणाऱ्या मालाला नावं ठेवतोय, याची कल्पना आहे.

आता इलाज

दोर घरात आहेच आणि पॉलिप्रोपिलिनचाच आहे, असं धरून सांगतो.

विणण्याआधी दोर ताणून घ्या. लिंबाची जाड फांदी आणि पाण्याचा २० लिटरचा कॅन, एवढं सामान पुरे. दोराचा लांब पेड फांदीवरून सोडा, खाली कॅन बांधा, कॅन जमिनीपासून हातभर वर राहू द्या. खोडावर कॅनच्या बुडाच्या उंचीची खूण करा. संध्याकाळपर्यंत कॅनचं बूड खुणेच्या खाली गेलेलं दिसेल, सकाळी आणखी. जाड दोराला दोन कॅन लावा. जमलं तर उन्हाळ्याच्या दुपारी करा, कारण उष्णता त्या टोळक्यांचं घड्याळ पळवते. हिवाळ्यात जी वाढ व्हायला कित्येक दिवस जातील ती मे महिन्याच्या एका दुपारीत उरकते. एक दिवस-रात्र पुरे. त्यानंतर गुंडाळी करून महिनाभर ठेवू नका, दोर थोडा परत आखडतो आणि मेहनत वाया जाते. उतरवला की लगेच विणायला घ्या.

ट्रॅक्टरच्या हुकाला बांधून ओढू नका. मी एकदा केलंय. दोर तुटला, टोक चाबकासारखं आलं आणि ट्रॅक्टरचा मागचा दिवा गेला. त्या जागी माझं तोंड असतं तर हे लिहायला मी बसलो नसतो.

विणताना हातानं ताठ करा, पायानं दांडीला रेटून ओढू नका. पायथ्याकडं दीड वीत जागा ताणदोरीसाठी सोडा, वीणच दांडीपर्यंत नेली तर पुढं ओढायला काही उरत नाही. पहिल्या आठवड्यानंतर एकदा ओढून घ्या, महिन्यानं एकदा, मग पोळ्याच्या सुमारास. वर सांगितलेली चाल आठवा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा कितीतरी जास्त दिवस निघतील. रोज थोडं थोडं ओढणाऱ्याची बाज कधीच बसत नाही, कारण तो ताण उतरूच देत नाही.

आणखी एक, माझं आवडतं. ताणदोरीत मधे मधे सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन-तीन कडे घाला. ट्यूबचं रबरही आत विस्कटलेलंच, पण रबर पकवताना त्याच्या साखळ्यांना जागोजागी टाचे घातलेले असतात. त्यामुळं त्या लांबतात, पण एकमेकींपासून निसटून जात नाहीत, आणि परत येतात. दोर जसजसा वाढतो तसतसं हे कडं आखडून ती ढिलाई खाऊन टाकतं. गंमत म्हणजे भार घेऊन ताणलेलं रबर तापलं की लांबायच्या ऐवजी आखडतं, म्हणजे दुपारी दोर मऊ होतो तेव्हाच ट्यूब जास्त जोर लावते. रबराची ही उलटी चाल इंग्लंडमध्ये जॉन गॉफ नावाच्या दृष्टिहीन संशोधकानं १८०५ मध्ये नोंदवली. रबर झटकन ताणलं की गरम होतं, हे त्यानं ओठाला लावून ओळखलं होतं. तुम्हीही रुंद रबरबँड ओठाला लावून झटकन ताणून पाहा, लगेच कळतं. ट्यूबला उन्हानं बारीक भेगा पडल्या की कडं बदला.

प्लास्टिकच्या पट्टीच्या बाजेलाही हेच सगळं लागू, फक्त पट्टी लिंबाला टांगताना पीळ पडू देऊ नका.

हे दिसलं तर इलाज करू नका, दोर बदला

पेड बोटांनी चोळला आणि हाताला रंगीत भुकटी लागली, तर उन्हानं साखळ्याच तोडल्या आहेत. असा दोर वाढत नाही, एक दिवस सरळ तुटतो, आणि तोही कोणी झोपलेलं असताना. एखाद्या जागी दोर बाकीपेक्षा बारीक, पांढुरका आणि कडक झाला असेल तर तिथं दुधाच्या पिशवीसारखी कंबर पडली आहे. तेवढाच तुकडा कापून गाठ मारू नका, गाठीपाशी दोराची ताकद कधी कधी निम्म्यावर येते. अख्खा पेड काढा. काढलेला दोर वेलीच्या मांडवाला वापरा, पण गोऱ्ह्याला बांधू नका. गेल्या वर्षी माझ्या शेजाऱ्यानं बांधला होता, आणि गोऱ्हा सकाळी दुसऱ्याच्या हरभऱ्यात सापडला.